मोटर-ब्रिजसाठी मायक्रोकंट्रोलरचे पीडब्ल्यूएम आउटपुट बसवताना पाळायचा क्रम

एच-ब्रिजवरचे (मोटर दोन्ही दिशांना फिरवणाऱ्या चार स्विचांच्या जोडणीवरचे) मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, जळाले म्हणून कोणी बोर्ड दाखवायला आणतो, त्याचा प्रोग्राम उघडला की बहुतेक वेळा एकच चित्र दिसते. पीडब्ल्यूएमच्या, म्हणजे वेगाने चालू-बंद होणाऱ्या, नाड्या बनवणारा टायमर सुरू करण्याची ओळ सगळ्यांत वर असते आणि डेड-टाइम (एक मॉस्फेट बंद करून दुसरा चालू करण्याआधी सोडलेली मोकळी वेळ), ब्रेक इनपुट (दोष आल्यास आउटपुट बंद करणारे), पिनांची बंद अवस्था यांच्या ओळी तिच्या खाली कुठेतरी विखुरलेल्या असतात. प्रत्येक ओळ सुटी वाचली तर बरोबर असते, चुकलेला असतो तो क्रम. एलईडी कमी-जास्त उजळवताना हा क्रम चुकला तरी काही बिघडत नाही. ब्रिजमध्ये मात्र एकाच हाफ-ब्रिजमधला (ब्रिजच्या एका अर्ध्या भागातला) वरचा आणि खालचा मॉस्फेट क्षणभर जरी एकत्र चालू झाले, तरी सप्लायची दोन्ही टोके थेट जोडली जातात आणि त्या क्षणाचा सगळा भार त्या दोन मॉस्फेटना सोसावा लागतो.

म्हणून येथे मांडणी उलट बाजूने केली आहे. आधी ब्रिज पूर्ण बंद कसा राहील ते पक्के करायचे आणि मग एकेक कुलूप उघडत शेवटी आउटपुट सोडायचे. उदाहरणासाठी एसटीएम३२एफ१०३ हा कंट्रोलर, त्याचा टायमर १ आणि ७२ मेगाहर्ट्झचे क्लॉक घेतले आहे. ब्रिजमध्ये चार एन-चॅनेल मॉस्फेट आहेत आणि आयआर२११० जातीचे दोन गेट ड्रायव्हर (मॉस्फेटच्या गेटला चालू-बंद करणाऱ्या चिप) आहेत. चॅनेल १ आणि त्याचा पूरक (उलट्या पातळीचा) आउटपुट हाफ-ब्रिज ‘अ’ चालवतो, तर चॅनेल २ आणि त्याचा पूरक आउटपुट हाफ-ब्रिज ‘ब’ चालवतो. कंट्रोलर दुसरा असेल तर रजिस्टरांची नावे बदलतील, पण क्रम हाच राहील.

## टप्पा १: कोणाचाच ताबा नसताना ब्रिज कसा असेल ते ठरवा

कंट्रोलर रिसेटमधून बाहेर येतो तेव्हा या पिना तरंगत्या इनपुटच्या अवस्थेत असतात. प्रोग्रामची पहिली ओळ चालण्याआधीचा काळ, प्रोग्राम भरतानाचा काळ, रिसेटची कळ दाबून धरलेला काळ या सर्व वेळी ड्रायव्हरच्या इनपुटला कोणीही वाली नसतो. तेथे काय घडेल हे प्रोग्राम ठरवू शकत नाही, ते बोर्डवरचे रेझिस्टरच ठरवतात.

ड्रायव्हरच्या प्रत्येक लॉजिक इनपुटला १० किलो-ओहमचा पुल-डाउन रेझिस्टर लावावा आणि तो कंट्रोलरजवळ न लावता ड्रायव्हरजवळ लावावा, म्हणजे मधली तार किंवा कनेक्टर सुटला तरी इनपुट खालीच राहील. शटडाउनची पिन असेल तर तिलाही स्वतंत्र रेझिस्टर द्यावा आणि तो ड्रायव्हर बंद राहील अशा बाजूला ओढणारा असावा. आयआर२११० ची शटडाउन पिन वर गेली की आउटपुट बंद होतात, म्हणून तिला पुल-अप लागतो.

सावधान: सगळ्याच ड्रायव्हरांना पुल-डाउन चालत नाही. आयआर२१०३ मध्ये खालच्या बाजूचे इनपुट उलट्या अर्थाचे आहे, म्हणजे ते शून्यावर असताना खालचा मॉस्फेट चालू होतो. तेथे पुल-डाउन लावणे म्हणजे रिसेटच्या काळात खालचा मॉस्फेट मुद्दाम चालू ठेवणे होय. ड्रायव्हरच्या डेटाशीटमधला सत्यता-तक्ता समोर ठेवूनच प्रत्येक रेझिस्टरची दिशा ठरवावी.

तपासणी: मोटरचा सप्लाय काढून ठेवावा, ड्रायव्हरला त्याचे १२ व्होल्ट द्यावेत आणि कंट्रोलरची रिसेट कळ दाबून धरावी. चारही गेटवरचे व्होल्टेज त्यांच्या-त्यांच्या सोर्सच्या तुलनेत शून्य दिसले पाहिजे. एकही गेट वर दिसले तर पुढे जाऊ नये.

## टप्पा २: पिना निवडताना त्यांची दुसरी कामे पाहा

टायमर १ चे चॅनेल १ आणि २ मूळ मांडणीत पीए८ आणि पीए९ वर येतात, त्यांचे पूरक आउटपुट पीबी१३ आणि पीबी१४ वर, आणि ब्रेक इनपुट पीबी१२ वर. येथे एक खड्डा आहे आणि त्यात अनेकजण पडतात. पीए९ ही यूसार्ट १ ची (सीरियल पोर्टची) पाठवण्याची पिनसुद्धा आहे. सीरियल पोर्टवर संदेश छापायची सवय असलेला माणूस तेच पोर्ट सुरू करतो. सीरियलची रेषा रिकामी असताना वर असते, त्यामुळे हाफ-ब्रिज ‘ब’ चे वरचे इनपुट कायम चालू राहते आणि प्रत्येक अक्षराबरोबर फडफडते.

संदेश छापायचेच असतील तर यूसार्ट १ पीबी६ आणि पीबी७ वर हलवावे किंवा दुसरे पोर्ट वापरावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कंट्रोलरमधला अंगभूत सीरियल बूटलोडर याच पीए९ वरून बोलतो. त्या मार्गाने प्रोग्राम भरायचा असेल तर मोटरचा सप्लाय आधी काढलाच पाहिजे. तेवढ्या काळात आपला प्रोग्राम चालतच नसतो, त्यामुळे त्यात लिहिलेली कोणतीही खबरदारी उपयोगी पडत नाही.

## टप्पा ३: वारंवारता आणि मोजणीची पद्धत

वारंवारता निवडताना दोन बाजू पाहाव्यात. खाली गेल्यास मोटरमधल्या प्रवाहाची लहर वाढते आणि कानाला शिट्टी ऐकू येते, तर वर गेल्यास मॉस्फेटच्या चालू-बंद होण्यातला उष्णतेचा तोटा वाढतो. सर्वसाधारण ब्रश असलेल्या डीसी मोटरसाठी २० किलोहर्ट्झ ही चांगली सुरुवात आहे. एकच हाफ-ब्रिज पीडब्ल्यूएमवर असेल तर लहर ५० टक्के ड्युटीला (आवर्तनातला चालू काळ निम्मा असताना) सर्वांत मोठी असते आणि ती सप्लायचे व्होल्टेज भागिले इंडक्टन्स आणि वारंवारता यांच्या गुणाकाराची चौपट, एवढी येते. २४ व्होल्ट, १ मिलिहेन्री आणि २० किलोहर्ट्झ घेतल्यास उत्तर ०.३ अँपिअर येते. इंडक्टन्स त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा असेल तर तीच लहर ३ अँपिअर होते, आणि अशा मोटरसाठी वारंवारता वाढवण्याचा विचार करावा लागतो.

काउंटर वर चढून पुन्हा खाली उतरेल अशी मध्य-संरेखित पद्धत घ्यावी. या पद्धतीत वारंवारता म्हणजे क्लॉक भागिले एआरआरची (काउंटर जिथपर्यंत चढतो त्या आकड्याची) दुप्पट. ७२ मेगाहर्ट्झ आणि २० किलोहर्ट्झसाठी एआरआर १८०० येतो. काउंटर फक्त वर चढणारा ठेवला तर तोच आकडा ३५९९ होतो, कारण तेथे एआरआरमध्ये एक मिळवून भागावे लागते. या दोन सूत्रांची अदलाबदल झाली की वारंवारता नेमकी दुप्पट किंवा निम्मी दिसते, त्यामुळे ही चूक ऑसिलोस्कोपवर लगेच ओळखू येते. प्रीस्केलरमध्ये ० लिहिणे म्हणजे १ ने भागणे, तेथे १ लिहिला की क्लॉक निम्मे होते.

मध्य-संरेखित पद्धतीचा एक जादा फायदा आहे. पीडब्ल्यूएम मोड १ मध्ये काउंटर ० वर असतो तो क्षण वरच्या मॉस्फेटच्या चालू काळाचा मध्य असतो आणि काउंटर शिखरावर असतो तो खालच्या मॉस्फेटच्या चालू काळाचा मध्य असतो. खालच्या बाजूच्या शंटमधून (प्रवाह मोजण्याच्या रेझिस्टरमधून) प्रवाह मोजायचा असेल तर एडीसीला, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाला, शिखरावरच इशारा द्यावा. त्या वेळी चालू-बंद होण्याचा खळखळाट सर्वांत लांब असतो.

## टप्पा ४: डेड-टाइम मोजून काढा

डेड-टाइमचा आकडा दुसऱ्याच्या प्रोग्राममधून उचलणे ही या विषयातली सर्वांत महाग चूक आहे. तो आकडा त्या माणसाच्या मॉस्फेटचा आणि त्याच्या गेट रेझिस्टरचा असतो. आपल्या बोर्डवर गेट रेझिस्टर दुप्पट असेल तर मॉस्फेट बंद व्हायला लागणारा वेळही जवळपास तेवढाच वाढतो.

हिशेब असा करावा. बंद होणाऱ्या मॉस्फेटचा जास्तीत जास्त वेळ घ्यावा, म्हणजे बंद होण्यातला विलंब आणि त्यानंतरचा उतरण्याचा काळ यांची बेरीज. त्यातून चालू होणाऱ्या मॉस्फेटचा कमीत कमी विलंब वजा करावा. ड्रायव्हरच्या दोन वाटांमधल्या विलंबाचा फरक त्यात मिळवावा. समजा हे आकडे अनुक्रमे ३००, ६० आणि ४० नॅनोसेकंद आले, तर बेरीज २८० होते. तापमान वाढल्यावर आणि सुटे भाग बदलल्यावर होणाऱ्या फरकासाठी यावर भरपूर जागा सोडून ५०० नॅनोसेकंद घ्यावेत. पहिल्या दिवशी मोठा आकडा घेऊन नंतर मोजून कमी करणे शहाणपणाचे आहे, उलट दिशेने जाणे नाही.

५० मायक्रोसेकंदांच्या आवर्तनात ५०० नॅनोसेकंद म्हणजे १ टक्का. मोटरला मिळणाऱ्या सरासरी व्होल्टेजमध्ये साधारण तेवढीच चूक येते आणि ती प्रवाहाच्या दिशेप्रमाणे दिशा बदलते. अगदी कमी वेगावर मोटर अडखळत असेल तर त्याचे कारण अनेकदा येथे असते.

आता हा आकडा रजिस्टरमध्ये कसा लिहायचा ते पाहू, कारण चूक तेथेही होते. बीडीटीआर रजिस्टरमधले डीटीजी हे ८ बिटांचे क्षेत्र सरळ मोजणीचे नाही. १२७ पर्यंत ते सरळ आहे आणि प्रत्येक पायरी ७२ मेगाहर्ट्झला १३.८९ नॅनोसेकंदांची असते, म्हणून ५०० नॅनोसेकंदांसाठी ३६ लिहावे. १२८ च्या पुढे पायरी बदलते. १५० लिहिणाऱ्याला १५० पायऱ्या हव्या असतात, पण प्रत्यक्षात ६४ अधिक २२ यांची दुप्पट, म्हणजे १७२ पायऱ्या मिळतात. २०० लिहिले तर ३२ अधिक ८ यांची आठपट, म्हणजे ३२० पायऱ्या, सुमारे ४.४ मायक्रोसेकंद मिळतात. सीआर१ मधल्या सीकेडी बिटांनी ही पायरी आणखी दुप्पट किंवा चौपट होते, म्हणून ते बिट शून्यावर ठेवावेत.

सावधान: डेड-टाइम तेव्हाच घातला जातो, जेव्हा चॅनेल आणि त्याचा पूरक आउटपुट असे दोन्ही सक्षम केलेले असतात. फक्त पूरक आउटपुट सक्षम ठेवला तर तो उलटा न होता मूळ संदर्भ-सिग्नलसारखाच चालतो. ‘वरचा मॉस्फेट तेवढा बंद करू’ म्हणून सीसी१ई (चॅनेल १ सक्षम करणारा) बिट पुसणाऱ्याच्या हातून खालच्या मॉस्फेटचा अर्थच उलटतो. एखादा मॉस्फेट शांत ठेवायचा असेल तर सक्षमतेचे बिट चाळू नयेत, ते काम सीसीआरच्या (ड्युटी ठरवणाऱ्या रजिस्टरच्या) किमतीने करावे.

## टप्पा ५: रजिस्टरे लिहिण्याचा क्रम

येथे एकही पायरी वरखाली करू नये.

१. टायमर १ चे क्लॉक एपीबी२ वर सुरू करावे. पिना अजून इनपुटच राहू द्याव्यात, त्यांना रेझिस्टरांनी धरून ठेवलेले आहे.

२. काउंटर बंद असतानाच मध्य-संरेखित पद्धत, प्रीस्केलर ०, एआरआर १८०० आणि एआरआरचा प्रीलोड (नवी किंमत पुढच्या अपडेटपर्यंत रोखून धरण्याची सोय) लिहावा. काउंटर चालू असताना सरळ पद्धतीवरून मध्य-संरेखित पद्धतीवर जाण्यास मनाई आहे. पुनरावृत्ती काउंटरमध्ये १ लिहावा, म्हणजे अपडेट आवर्तनातून एकदाच होईल.

३. दोन्ही चॅनेलना पीडब्ल्यूएम मोड १ आणि त्यांच्या सीसीआरला प्रीलोड द्यावा. प्रीलोड विसरला तर सीसीआरची नवी किंमत आवर्तनाच्या मध्येच लागू होते आणि एखादी नाडी तुटकी किंवा दुप्पट लांब निघते. हा दोष क्वचित दिसतो, म्हणून फार दिवस लपून राहतो.

४. सीसीआर१ आणि सीसीआर२ मध्ये ० लिहावा.

५. सीआर२ मधल्या निष्क्रिय पातळ्या, म्हणजे ओआयएस१, ओआयएस१एन आणि त्यांची चॅनेल २ ची जोडी, सर्व शून्यावर ठेवाव्यात. त्यानंतर सीसीईआरमध्ये ध्रुवता ठरवून चारही आउटपुट सक्षम करावेत. मुख्य परवानगीचा बिट (एमओई) अजून शून्यावर असल्यामुळे पिनांवर काहीही जाणार नाही.

६. बीडीटीआर एकाच लेखनात पूर्ण करावा: डीटीजी ३६, ओएसएसआर आणि ओएसएसआय (आउटपुट बंद असतानाही पिना धरून ठेवणारे बिट) १, ब्रेकची सक्षमता आणि ध्रुवता, स्वयंचलित पुनर्परवानगी शून्य, आणि हवी ती लॉक पातळी. लॉकचे बिट रिसेटनंतर एकदाच लिहिता येतात. त्यानंतर डेड-टाइम आणि निष्क्रिय पातळ्या पुढच्या रिसेटपर्यंत गोठतात, म्हणूनच पाचवी पायरी आधी हवी. बोर्ड एकदा सिद्ध झाला की लॉक अवश्य वापरावे, कारण भरकटलेल्या प्रोग्रामलाही मग डेड-टाइम पुसता येत नाही.

७. यूजी बिटाने हाताने एक अपडेट घडवावा. प्रीस्केलर आणि प्रीलोड केलेल्या किमती अपडेटशिवाय आत उतरतच नाहीत. ही पायरी वगळली तर पहिले आवर्तन जुन्या किमतींवर चालते.

८. आता चारही पिना पर्यायी कार्याच्या पुश-पुल आउटपुटवर न्याव्यात. ओएसएसआय १ असल्यामुळे त्या लगेच निष्क्रिय पातळीला, म्हणजे शून्याला, घट्ट धरल्या जातात.

९. काउंटर सुरू करावा.

१०. ड्रायव्हरचे शटडाउन उठवावे आणि सर्वांत शेवटी बीडीटीआरमधला एमओई बिट लावावा.

तयार लायब्ररी वापरणाऱ्यांनीही तिचा क्रम एकदा स्वतः वाचून पाहावा. पिना पर्यायी कार्यावर नेण्याचे काम अनेक लायब्ररींमध्ये सगळ्यांत आधी होते. रेझिस्टर योग्य असतील तर त्याने बिघडत नाही, पण नसतील तर बिघडते.

## टप्पा ६: ब्रेक इनपुट आणि डीबगर

अतिप्रवाहाची सूचना देणारा कंपॅरेटर थेट पीबी१२ ला जोडावा. हा मार्ग प्रोग्रामवर अवलंबून नाही. सिग्नल आला की हार्डवेअर स्वतः एमओई पुसते आणि आउटपुट निष्क्रिय पातळीला जातात. इंटरप्टमध्ये प्रवाह तपासून बंद करण्याचा बेत यासाठी पुरेसा नाही, कारण थेट जोडणीत मॉस्फेटजवळ फार थोडे मायक्रोसेकंद असतात. स्वयंचलित पुनर्परवानगी शून्यावरच ठेवावी, नाहीतर पुढच्या अपडेटला ब्रिज त्याच दोषावर पुन्हा चालू होईल.

तपासणी: पीबी१२ तरंगती असेल किंवा ध्रुवता उलटी असेल, तर एमओई लिहिल्या लिहिल्या पुसला जातो आणि ‘सगळे बरोबर आहे, पण आउटपुटच नाही’ अशी स्थिती येते. एमओई लिहून लगेच वाचून पाहावा.

डीबगरचा धडा मी एका संध्याकाळी शिकलो. वेग-नियंत्रणाच्या लूपमध्ये ब्रेकपॉइंट लावला, प्रोग्राम त्या ओळीवर थांबला, आणि टेबलावरची मोटर मात्र थांबली नाही. ती शेवटच्या ड्युटीवर फिरतच राहिली. स्क्रीनवर सर्व काही स्थिर होते आणि शाफ्टला लावलेला पट्टा वेग घेत होता, कारण त्याला सांभाळणारा लूपच गोठलेला होता. मूळ स्थितीत कोअर थांबला तरी टायमरला क्लॉक मिळतच राहते. डीबीजीएमसीयू रजिस्टरमधला टायमर १ थांबवण्याचा बिट लावला तर कोअर थांबताच काउंटर थांबतो आणि आउटपुटही ब्रेक आल्यासारखे बंद होतात. हा बिट प्रोग्रामच्या सुरुवातीलाच लावावा.

## टप्पा ७: मोटरच्या सप्लायशिवाय मोजमाप

फक्त लॉजिक आणि ड्रायव्हरचा सप्लाय द्यावा. मोटरच्या रेषेवरचे कपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री करावी. सीसीआर१ आणि सीसीआर२ मध्ये ९०० लिहावे, म्हणजे ५० टक्के ड्युटी होईल. मोटरची रेषा शून्यावर असल्यामुळे मधला बिंदूही (वरच्या आणि खालच्या मॉस्फेटमधला, जेथे मोटर जोडतात) शून्याजवळच राहतो. त्यामुळे वरच्या गेटचे व्होल्टेज जमिनीच्या तुलनेत सरळ पाहता येते. पुढे मोटरचा सप्लाय लागला की ही सोय संपते.

ऑसिलोस्कोपचा एक प्रोब वरच्या गेटवर आणि दुसरा खालच्या गेटवर ठेवावा. प्रत्येक चौकोनाला २०० नॅनोसेकंद अशी वेळपट्टी ठेवली की ५०० नॅनोसेकंदांची मोकळी जागा अडीच चौकोन दिसली पाहिजे. ही जागा मोजताना कडा सुरू होण्याचा बिंदू धरू नये. बंद होणारे गेट मॉस्फेटच्या थ्रेशोल्डखाली (मॉस्फेट चालू होऊ लागतो त्या व्होल्टेजखाली) केव्हा गेले आणि चालू होणारे गेट थ्रेशोल्डवर केव्हा चढले, या दोन क्षणांमधले अंतर धरावे. येथे बहुधा आकडा ५०० पेक्षा कमी निघतो, कारण गेट उतरायला वेळ घेते. खालून वर आणि वरून खाली अशा दोन्ही वेळच्या मोकळ्या जागा स्वतंत्रपणे मोजाव्यात, त्या क्वचितच सारख्या असतात.

यानंतर रिसेटची कळ वीसेक वेळा दाबावी आणि प्रत्येक वेळी दोन्ही गेट एकाच वेळी वर जात नाहीत ना, हे सिंगल-शॉट ट्रिगरवर पाहावे. बोर्डचा सप्लाय चालू-बंद करतानाही हीच तपासणी करावी.

सावधान: मोटरचा सप्लाय लागल्यावर ऑसिलोस्कोपच्या प्रोबची जमिनीची क्लिप मधल्या बिंदूला कधीही लावू नये. ती क्लिप अर्थिंगला जोडलेली असते, त्यामुळे सप्लायचे ऋण टोकही अर्थिंगला असेल तर हाफ-ब्रिज क्लिपमधूनच शॉर्ट होतो. वरचे गेट पाहायचे असेल तर डिफरेन्शियल प्रोब घ्यावा, किंवा दोन चॅनेलची वजाबाकी पाहावी.

## टप्पा ८: बूटस्ट्रॅप आणि ड्युटीची मर्यादा

वरच्या मॉस्फेटचे गेट उचलणारा कपॅसिटर, म्हणजेच बूटस्ट्रॅप, खालचा मॉस्फेट चालू असतानाच भरतो. म्हणून १०० टक्के ड्युटी या रचनेत टिकत नाही. काही काळाने कपॅसिटर उतरतो, गेटचे व्होल्टेज खाली येते आणि ड्रायव्हरचे कमी-व्होल्टेज संरक्षण वरचा मॉस्फेट बंद करते. मोटर पूर्ण वेगात असताना मधूनच झटके देत असेल तर आधी येथे पाहावे.

सीसीआरला १७१० ची वरची मर्यादा घालावी, म्हणजे ९५ टक्के. उरलेल्या ५ टक्क्यांत २.५ मायक्रोसेकंद असतात. त्यातून दोन डेड-टाइम वजा केल्यावर खालचा मॉस्फेट १.५ मायक्रोसेकंद चालू राहतो. मर्यादा घालण्याचे काम सीसीआर लिहिणाऱ्या एकाच फंक्शनमध्ये ठेवावे आणि इतर कोणत्याही ओळीला ते रजिस्टर थेट लिहू देऊ नये.

पहिल्या सुरुवातीला कपॅसिटर रिकामा असतो. एमओई लावल्यावर काही मिलिसेकंद दोन्ही सीसीआर शून्यावरच ठेवले की दोन्ही खालचे मॉस्फेट चालू राहतात आणि कपॅसिटर भरून घेतात. मोटर आधीपासून फिरत असेल तर मात्र हीच कृती तिची दोन्ही टोके जोडून जोराचा ब्रेक लावते, हे ध्यानात ठेवावे.

## टप्पा ९: पहिल्यांदा मोटरचा सप्लाय

मोटर न जोडता, १२ व्होल्ट आणि २०० मिलिअँपिअरची प्रवाह-मर्यादा घातलेल्या सप्लायवर सुरुवात करावी. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सप्लायची प्रवाह-मर्यादा ब्रिजला वाचवत नाही, कारण बोर्डवरचा मोठा कपॅसिटर त्या मर्यादेच्या अलीकडे असतो. २४ व्होल्टवरचा १००० मायक्रोफॅराड एक चतुर्थांश ज्यूलहून अधिक ऊर्जा धरतो आणि थेट जोडणीत ती मॉस्फेटमध्येच उतरते. म्हणून पहिल्या चाचणीत मोठा कपॅसिटर आणि ब्रिज यांच्यामध्ये १० ओहमचा, दणकट वॅटचा रेझिस्टर ठेवावा आणि ब्रिजजवळ फक्त छोटा सिरॅमिक कपॅसिटर राहू द्यावा.

दोन्ही हाफ-ब्रिज ५० टक्क्यांवर, भाराशिवाय चालवावेत. सप्लायवरचा प्रवाह काही मिलिअँपिअर ते काही दहा मिलिअँपिअर असावा आणि तो स्थिर असावा. प्रवाह चढत असेल किंवा रेझिस्टर तापत असेल तर डेड-टाइमकडे परत जावे. हे जमल्यावर मोटरच्या जागी दिवा किंवा रेझिस्टर जोडून ड्युटी १० टक्क्यांपासून वाढवत न्यावी. मोटर त्यानंतर.

## टप्पा १०: दिशा बदलणे आणि थांबवणे

पुढे जाताना सीसीआर१ ला ड्युटी द्यावी आणि सीसीआर२ शून्यावर ठेवावा, मागे जाताना उलट करावे. शून्यावरच्या हाफ-ब्रिजचा खालचा मॉस्फेट सतत चालू राहतो, त्यामुळे त्याचा बूटस्ट्रॅपही भरलेला राहतो.

पूर्ण वेगात फिरणाऱ्या मोटरची दिशा एकदम बदलली तर मोटरचे स्वतःचे व्होल्टेज सप्लायमध्ये मिळते. २४ व्होल्टच्या, १.२ ओहम आर्मेचरच्या मोटरला अडवून धरल्यावरचा प्रवाह २० अँपिअर असतो, तर अशा झटक्यात तो ४० च्या जवळ जातो. मॉस्फेट २० चा विचार करून निवडलेले असतात. म्हणून ड्युटी उताराने शून्यावर आणावी, प्रवाह उतरू द्यावा आणि मगच दुसऱ्या बाजूने चढवावी.

उतारही फार तीव्र नको. ड्युटी मोटरच्या वेगापेक्षा वेगाने खाली आली की ब्रिज उलटा चालून ऊर्जा सप्लायकडे ढकलतो. टेबलावरचे बहुतेक सप्लाय ती परत घेऊ शकत नाहीत, त्यामुळे कपॅसिटरवरचे व्होल्टेज चढते. जड चाक लावलेल्या मोटरवर मीटर सप्लायच्या रेषेला लावून वेग कमी करावा. २४ चा आकडा ३० कडे सरकताना दिसला तर उतार मंद करावा, किंवा जादा ऊर्जा रेझिस्टरमध्ये जाळणारे सर्किट बसवावे.

## पूरक आउटपुट नसलेला कंट्रोलर असेल तर

एटीमेगा३२८पी मध्ये डेड-टाइम घालणारे हार्डवेअर नाही. पूर्ण ब्रिजसाठी माझे स्पष्ट मत असे आहे, की डेड-टाइम ड्रायव्हरकडेच सोपवावा. आयआर२१०४ मध्ये सुमारे ५२० नॅनोसेकंदांचा डेड-टाइम आतच आहे आणि प्रत्येक हाफ-ब्रिजला एकच इनपुट लागते. टायमर १ चे दोन आउटपुट दोन ड्रायव्हरांना द्यावेत. शटडाउन पिना एका स्वतंत्र आउटपुटवर घेऊन त्यांना पुल-डाउन लावावा, कारण या ड्रायव्हरमध्ये ती पिन खाली असताना दोन्ही मॉस्फेट बंद राहतात. टायमर मोड ८ मध्ये (वर चढून खाली उतरणाऱ्या मोजणीत), आयसीआर१ मध्ये (काउंटरची वरची मर्यादा) ४०० लिहून चालवावा, १६ मेगाहर्ट्झला २० किलोहर्ट्झ मिळतात. फास्ट पीडब्ल्यूएम टाळावा, कारण त्यात ओसीआर (येथले ड्युटीचे रजिस्टर) शून्य असतानाही प्रत्येक आवर्तनात एक बारीक नाडी बाहेर पडते.

एकच हाफ-ब्रिज चालवायचा असेल आणि ड्रायव्हरला डेड-टाइम नसेल, तर याच मोडमध्ये आउटपुट ‘अ’ सरळ आणि ‘ब’ उलटा ठेवून ओसीआर१बी ची किंमत ओसीआर१ए पेक्षा ८ ने मोठी ठेवता येते. प्रत्येक पायरी ६२.५ नॅनोसेकंदांची असल्याने दोन्ही कडांना ५०० नॅनोसेकंदांची जागा मिळते. मात्र ही दोन रजिस्टरे एकापाठोपाठ लिहिली जातात, आणि अपडेटचा क्षण नेमका त्या दोन लेखनांच्या मध्ये आला तर एका आवर्तनापुरती नवी ‘अ’ आणि जुनी ‘ब’ अशी जोडी लागते. म्हणून ड्युटी वाढवताना आधी ओसीआर१बी लिहावा आणि कमी करताना आधी ओसीआर१ए लिहावा. चुकीच्या क्षणी अपडेट झाला तरी मग मोकळी जागा रुंदच होते, अरुंद होत नाही. लेखनाभोवती इंटरप्ट बंद ठेवावेत, कारण १६ बिटांची सर्व लेखने एकाच तात्पुरत्या रजिस्टरमधून जातात आणि मध्ये शिरलेला इंटरप्ट त्यातला वरचा बाइट बदलू शकतो.